तबकड्यांची पेटी आणि आपले कान

मिरजेत आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा एकत्र बसतो. नाव ना नियम, अध्यक्ष ना वर्गणी. प्रत्येकाने गेल्या महिन्यात विकत घेतलेले संगीत बरोबर आणायचे, का घेतले ते सांगायचे, त्यातले थोडे वाजवायचे आणि इतरांचे ऐकून घ्यायचे, एवढाच रिवाज. कोणी लाँग प्ले आणतो, कोणी सीडी, तर कोणी जुन्या बाजारातून उचललेली, वेष्टण फाटलेली कॅसेट. आमच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा आहेत, एक मराठीचे गुरुजी आहेत, तंतुवाद्ये बनवणाऱ्या घरातला एक कारागीर आहे आणि पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा एक तरुणही आहे. आवडी इतक्या वेगळ्या, की नव्याने आलेल्या माणसाला वाटावे, ही मंडळी एका खोलीत बसतात तरी कशी?

गेल्या काही बैठकांत समोर आलेल्या खरेदीविषयी येथे लिहायचे आहे. लिहिण्याचे कारण मात्र खरेदीपेक्षा मोठे आहे. ते ओघाने येईल.

पहिली खरेदी कारागीर मित्राची. उस्ताद अमीर खाँ यांची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली 1960 सालची लाँग प्ले. मुंबईच्या चोर बाजारात मिळाली. ज्या गल्लीत ती मिळाली तेथून भेंडीबाजार हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग आम्हाला फार अर्थपूर्ण वाटला. खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ सारंगिये. त्यांचा भेंडीबाजार घराण्याशी संबंध होता, आणि त्या घराण्याच्या अमान अली खाँ यांच्या गायकीचा अमीर खाँसाहेबांवर खोल परिणाम झाला. म्हणजे ज्या मोहल्ल्यातून हे गाणे घडले, त्याच मोहल्ल्याच्या फूटपाथवर ते रद्दीच्या भावाने परत आले.

त्या मारव्याविषयी थोडे बोललेच पाहिजे. मारव्यात पंचम वर्ज्य. त्यात गवयी षड्जही टाळत राहतो आणि कोमल रिषभ व शुद्ध धैवत यांच्यावरच मुक्काम करतो. ऐकणाऱ्याला घर दिसते, पण उंबरठा सापडत नाही. अमीर खाँसाहेब ही अस्वस्थता तानांच्या आतषबाजीने वाढवत नाहीत. अतिविलंबित लयीत, आवाज जराही न चढवता, ते षड्जाला लांब ठेवतात आणि शेवटी जेव्हा त्यावर येतात तेव्हा श्वास मोकळा होतो. तबकडीची एक बाजू जेमतेम वीस-बावीस मिनिटांची. दोन-दोन तास गाणाऱ्या परंपरेतल्या माणसाने हे बंधन स्वीकारले, आणि तरी कोठेही घाई दिसत नाही. दरबारीची बाजू सर्वांना अधिक आवडली. आमचे मत मारव्याला.

गुरुजींनी पंडित भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’ची कॅसेट आणली होती. त्यावर एका नव्या पाहुण्याने विचारले, ‘‘गुरुजी, आपल्या बैठकीत अभंग?’’ प्रश्न कुत्सित नव्हता. पण ‘आपल्या’ हा शब्द आमच्या कानाला टोचला. गुरुजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट वाजवली आणि ती संपल्यावर चाचांनी आपल्या पेटीतून 1930 च्या दशकातली एक तबकडी काढली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी. सव्वातीन मिनिटांचे गाणे. तोच सुरावरचा ठेहराव, तीच आवाज लावताना येणारी आर्जवाची छटा. पाहुण्यांना उत्तर मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शागीर्द सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शागीर्द भीमसेन. वारकऱ्याच्या ओठी असलेला अभंग मैफलीत आला, तो ज्या गळ्यातून आला त्या गळ्याची तालीम किराण्याच्या एका मुसलमान गवयाकडून आलेली आहे, आणि तो गवयी आमच्या मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावला आहे.

खाँसाहेबांचे उदाहरण येथे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. संगीताचे ‘प्रकार’ आपण दुकानातल्या कप्प्यांवरून शिकतो. शास्त्रीय एकीकडे, नाट्यसंगीत दुसरीकडे, भक्तिगीते तिसरीकडे, कव्वाली आणि गझल शेवटच्या फळीवर. खाँसाहेबांच्या तबकड्या या कप्प्यांत बसत नाहीत. त्यांनी ख्याल गायला, ठुमरी गायली, ‘मानापमान’मधले नाट्यपद गायले आणि त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. त्यांची सरगम गाण्याची ओढ कर्नाटक संगीताच्या सहवासातून वाढली. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाल कोइल स्टेशनवर त्यांचे निधन झाले. शेवटच्या घटकेला त्यांनी दरबारीच्या सुरात खुदाची आळवणी केली असे सांगितले जाते. अशा माणसाला कोणत्या फळीवर ठेवणार?

तरुण मित्राची खरेदी थोडी वादाची ठरली. नुसरत फतेह अली खाँ यांचा ‘मस्त मस्त’ हा 1990 चा अल्बम. पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड कंपनीने काढलेला आणि मायकेल ब्रूक या कॅनेडियन गिटारवादकाबरोबर केलेला. चाचांचे म्हणणे, ही कव्वालीच नव्हे. तरुणाचे म्हणणे, या अल्बममुळेच आपण कव्वालीकडे वळलो. आम्हाला दोघांचेही अर्धे पटते. कव्वाली ही एकट्या गळ्याची कला नाही. तिला जमात लागते, टाळी लागते आणि समोर बसलेला श्रोता लागतो. ज्या ओळीवर एखाद्याला हाल येतो ती ओळ कव्वाल पुन:पुन्हा घेतो, तिला दुसऱ्या शायराच्या शेराची गिरह बांधतो आणि शब्दाचा अर्थ पाकळी पाकळीने उलगडतो. ‘मस्त मस्त’मध्ये हा श्रोताच नाही. गाणी आटोपशीर आहेत, अनेक ठिकाणी शब्द बाजूला पडून केवळ सरगम आणि आलाप उरतो. बयान गेले आणि आवाज राहिला.

पण जो आवाज राहिला तो इतका जिवंत आहे, की गिटारच्या संथ सुरावटीवरही तो आपली वाट सोडत नाही. अल्बम वाईट नाही, तो अपुरा आहे. दाराशी आणून सोडणे एवढेच त्याचे काम, आणि ते तो करतो. त्या तरुणाने पुढच्याच महिन्यात नुसरतसाहेबांच्या पूर्ण जमातीसह गायलेल्या दीर्घ कव्वाल्या शोधून आणल्या. यापेक्षा आणखी कोणता दाखला हवा?

आबिदा परवीन यांचा ‘कबीर बाय आबिदा’ हा 2003 चा संग्रह आमच्या बैठकीत दोनदा येऊन गेला. कबीराचे दोहे सिंधच्या या गायिकेच्या गळ्यात असे बसले आहेत, की दोह्याला देश विचारावासा वाटत नाही. गुलजार यांचे निवेदन पहिल्या वेळी ऐकताना सुंदर वाटते. दहाव्या वेळी मात्र ते गाणे आणि आपण यांच्यामध्ये उभे राहते. ध्वनिमुद्रण हे पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी असते याचे भान निर्मात्यांनी ठेवायला हवे होते. हा संग्रह ऐकताना गुरुजी म्हणाले, ‘‘श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांना असा गळा कधी मिळणार?’’ ‘योगसंग्राम’कर्त्याची वाणी मराठी, घर मुसलमानाचे. आपल्या अंकांतून त्यांच्यावर लेख होतात, संमेलनांतून भाषणे होतात. आता ते ऐकू यायला हवेत. लेखापेक्षा सूर लांब जातो.

केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी गुरुजींनीच आणली. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सुवर्णतबकडीवर भारतातर्फे जे एकमेव गाणे गेले ती त्यांची भैरवी. त्यांचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात या उस्तादांची कारकीर्द बहरली, महाराष्ट्राच्या गायकीला त्यांनी नवे वळण दिले, पण स्वत:चा आवाज त्यांनी तबकडीच्या हवाली केला नाही. आज त्यांना ऐकायचे तर शागीर्दांच्याच गळ्यातून ऐकावे लागते. उस्तादाचा आवाज पृथ्वीवर उरला नाही आणि तालीम मात्र सूर्यमालेच्या पलीकडे गेली!

आता मूळ कारणाकडे येतो.

चाचांची पेटी म्हणजे साठ-सत्तर तबकड्या. त्यात ख्याल आहेत, यूसुफ आझाद आणि शकीला बानो भोपाली यांच्या कव्वाल्या आहेत, शाहीर अमर शेख आहेत, नाट्यपदे आहेत. रेल्वेच्या नोकरीत असताना गावोगावच्या बाजारांतून एकेक करून जमवलेल्या. गेल्या रमजाननंतरच्या बैठकीला ते पेटी रिक्षात घालून घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘आता ही इथेच राहू द्या. मुलाला घरात बाजा नको आहे.’’ मुलगा भला आहे. बापाची औषधे वेळेवर आणतो, नमाजी आहे, कोणाशी उद्धट बोलत नाही. ‘विकू नका, फोडू तर मुळीच नका, पण घरात नको,’ एवढेच त्याचे म्हणणे. त्या दिवशी कोणीही नवी खरेदी दाखवली नाही.

त्या मुलाला आम्ही जाहिल म्हणणार नाही. समाअ जायज की नाजायज हा वाद आजचा नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून त्याच्या अटी सांगितल्या. चिश्तियांनी त्याला इबादतीच्या जवळ नेले. अनेक उलेमांनी तो नाकारला. ज्याला जे मानायचे ते त्याने मानावे. आमचे दु:ख निराळे आहे. मुलगा जे घराबाहेर ठेवू पाहतो, त्यात त्याच्याच पूर्वजांची मेहनत आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. ते आम्हीही सांगितले नाही. आम्ही महिन्याच्या महिन्याला जमत राहिलो, एकमेकांना तबकड्या दाखवत राहिलो आणि दार लावून घेतले.

दुसरीकडून येणारा धक्काही याच जातीचा आहे. बाहेरच्या माणसाला मुसलमानाचे संगीत म्हटले की कव्वाली आणि गझल एवढेच आठवते. ख्याल, नाट्यपद आणि अभंग यांच्याशी आमचा काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नसते. घरातला म्हणतो, हे आपले नव्हे. बाहेरचा म्हणतो, हे तुमचे नव्हे. दोघांच्या मध्ये चाचांची पेटी बेघर होते.

एक कबुली आमच्याकडूनही द्यायला हवी. खरेदीचा नाद हा ऐकण्याचा नाद नव्हे. दुर्मीळ तबकडी मिळाल्याचा आनंद पुष्कळदा ती हाती येईपर्यंतच टिकतो. आमच्या स्वत:च्या कपाटात प्लास्टिकचे आवरणही न काढलेल्या सीडी आहेत. 2016 मध्ये काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस बंद झाले तेव्हा आम्ही हळहळलो. पण शेवटच्या काही वर्षांत तेथे आम्ही कितीदा गेलो होतो? आता मोबाईलवर सारे काही फुकट मिळते, आणि तरीही लाँग प्ले पुन्हा नव्याने छापल्या जात आहेत, चढ्या भावाने विकल्या जात आहेत. यात प्रेम किती आणि मिरवणे किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे. बैठकीचा उपयोग तेवढ्यासाठीच. एकट्याने विकत घेतलेले गाणे मालकीचे असते, चौघांत ऐकलेले गाणे सर्वांचे होते.

पेटी सध्या कारागीर मित्राच्या दुकानात आहे, जेथे तंबोऱ्याचे भोपळे वाळत असतात. महिन्यापूर्वी चाचांचा मुलगा त्यांना न्यायला आला. पाऊस होता म्हणून आत आला. त्या वेळी झिंझोटीची तबकडी चालू होती. कोणी ती बंद केली नाही आणि त्यानेही करायला सांगितले नाही. तो दाराशी उभा राहिला. गाणे संपल्यावर त्याने एवढेच विचारले, ‘‘हे मीरासाहेबांच्या दर्ग्यातले खाँसाहेब का?’’ चाचांनी मान हलवली. मग दोघे रिक्षात बसून गेले.

पेटी अजून दुकानातच आहे. पुढच्या बैठकीपासून प्रत्येकाने आपल्या खरेदीबरोबर घरातले एक मूलही आणावे, असे आम्ही ठरवले आहे.