निकालपत्रातला समंजस माणूस

निकालपत्र हेही गद्यच. त्यात निवेदक असतो, पात्रे असतात. दलित आत्मकथनांना प्रस्थापित समीक्षेने वारंवार विचारले, 'हे खरे कशावरून?' तोच प्रश्न निकालपत्राच्या निवेदकाला का विचारू नये?

१९५९ साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशाला ते पटले नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कसोटी अशी, की या पुराव्यावरून समंजस माणसे असा कौल देतील काय? पुढे ज्यूरी गेली. समंजस माणूस मात्र निकालपत्रात मुक्कामाला राहिला.

देसाईगंजच्या खटल्यात तो मला स्पष्ट दिसतो. २६ मार्च १९७२ ची रात्र, पोलीस ठाणे, मजुरी करणारी आदिवासी मुलगी. (तिचे नाव आपण सभांतून पुष्कळ वापरले, मी वापरत नाही.) १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने एकाला बलात्काराबद्दल पाच वर्षे, दुसऱ्याला विनयभंगाबद्दल एक वर्ष शिक्षा दिली. भीतीने निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे मर्म. आरोपींनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये ते सुटले.

कशावर सुटले? अंगावर जखमा नाहीत. आणि पोलिसाने हात धरला तेव्हा आपली माणसे जवळ असूनही तिने तो झिडकारला नाही. वर्दीतला हात ठाण्यात झिडकारणारी मजूर मुलगी या निवेदकाने पाहिली कुठे? अंतरवाली सराटीच्या शिवारात कापूस वेचणारी बाई फौजदाराने 'बस' म्हटले की बसते. त्या बसण्याला संमती म्हणायचे, तर गावकुसाबाहेरचा सगळा इतिहास संमतीचाच ठरेल! हा समंजस माणूस कधी कुणाच्या दारात हात जोडून उभा राहिलेला नाही, एवढाच त्याचा समंजसपणा.

अपिलाचा हक्क मी नाकारीत नाही. खोट्या गुन्ह्यात गोवलेली आपली पोरेही अपिलावरच सुटतात. संशयाचा फायदा त्यांनाही हवाच. माझे भांडण संशयाशी नाही. तो कुणाच्या अनुभवातून उपजतो, हे तपासावे एवढेच म्हणणे आहे.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून तेच तपासले. माझ्या मते ती उत्तम समीक्षा होती. मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे. देसाईगंजच्या त्या दोघांची सुटका कायम राहिली.