मंगळाचे पंचांग

थॉमस गँगेल यांनी १९८५ साली मंगळासाठी ‘डेरियन’ दिनदर्शिका रचली. वर्ष ६६८ किंवा ६६९ मंगळदिवसांचे, महिने २४. नावे राशींची, एक लॅटिन तर एक संस्कृत. धनु, मकर वाचून ऊर भरून येतो खरा! गणितही चोख आहे. पण सणांचे काय? आमच्या आदिलाबादेत पोळा श्रावण अमावास्येचा, केसलापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येची. मंगळाचा फोबोस हा चंद्र आठ तासांच्या आतच फेरी पुरी करतो. म्हणजे दिवसाकाठी अमावास्या तीन! पोळा कोणत्या अमावास्येला धरावा? आणि बैल कोठून आणावेत? गँगेल यांचा ‘मकर’ तर तेथील उत्तर गोलार्धात ऐन वसंतात येतो. पहिले पीक हाती येण्याआधी तिळगूळ कोणी कोणाला द्यावा?