अर्ध्या दिवसात शिलाहार

माजिवडा नाक्यावरून सकाळी सातला निघून एकला परत. मध्ये कौपिनेश्वर, दुर्गाडी, अंबरनाथ आणि ‘शिलाहारांचं राजवैभव’. राजवाडा काही उरलेला नाही. वैभव आहे ते अंबरनाथच्या काळ्या दगडात.

मार्गदर्शकाकडे शिट्टी होती. (पीटीच्या मास्तरांनंतर माझ्यावर कोणी शिट्टी वाजवली नव्हती.) कौपिनेश्वराला बारा मिनिटं. दुर्गाडी बसच्या खिडकीतून. ज्यांच्या बाजूला आला त्यांनी पाहिला, बाकीच्यांनी विश्वास ठेवला.

अंबरनाथला तो म्हणाला, “पांडवांनी एका रात्रीत बांधलं.” तिथला शिलालेख शके ९८२ सांगतो, म्हणजे इ. स. १०६०, मुम्मुणी शिलाहाराचा काळ. पण ज्याला चाळीस मिनिटांत देऊळ उरकायचंय, त्याला ते एका रात्रीत बांधलेलंच परवडतं!

गाभाऱ्यात वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात, हे मात्र त्यानं आधी सांगितलं नाही. मावशीचे गुडघे दुखरे; ती बाहेरच बसली. पैसे पूर्ण भरून बिचारी बाहेर! आम्ही रांगेनं उतरलो, भग्न शिखरातून आभाळ पाहिलं, शिट्टी झाली, चढलो.

परतताना मावशी बोलू लागली. भिंतीच्या कोनाकोनांवरून ऊन कसं सरकत गेलं, कुठल्या देवाचा हात तुटलाय, कुठल्या देवीच्या डोक्यावर पारवा बसतो... मला यातलं काहीही दिसलं नव्हतं.

“एवढं कधी पाहिलंस?”

“तुम्ही आत होतात ना, तेव्हा.”

येत्या रविवारी आम्ही दोघं ठाण्याहून लोकलनं जाणार आहोत. मावशीनं डबा आणि चटई काढून ठेवलीय.