गॅरी न्यूमन : यंत्राआड बसलेला माणूस

गॅरी न्यूमनचं नाव काढलं की एक शब्द हमखास ऐकू येतो : 'थंड'. निर्विकार चेहरा, नाकातला सपाट आवाज, मागे सिंथेसायझरची घरघर. आमचं म्हणणं असं की हा शब्दच चुकीचा आहे, आणि त्यामुळे त्याची सगळी कारकीर्द चुकीची वाचली जाते.

सुरुवातीपासून पाहू. १९७८ साली लंडनचा हा विशीतला मुलगा 'ट्यूबवे आर्मी' हा आपला पंक बँड घेऊन स्टुडिओत गेला. तिथे कुणाचा तरी मिनीमूग सिंथेसायझर पडून होता. त्याने पट्टी दाबली, तो दणका ऐकला, आणि गिटारवर बांधलेली गाणी तिथल्या तिथे बदलायला घेतली. पुढच्याच वर्षी 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर! पाच मिनिटांहून मोठं गाणं, आणि सगळ्यांनी मिळून म्हणावं असं ध्रुवपद त्यात नाहीच. पाठोपाठ 'कार्स', तेही पहिलं.

आता 'कार्स' नीट ऐका. लंडनच्या रस्त्यात काही माणसं अंगावर धावून आली, तेव्हा न्यूमनने गाडीची दारं आतून लावून घेतली. गाणं त्या प्रसंगातून आलेलं आहे. निम्म्या वाटेवर गायक गप्प होतो. पुढे नुसती वाद्यं. ह्याला थंडपणा म्हणायचं? आम्ही ह्याला भीती म्हणतो. शिवाय 'द प्लेझर प्रिन्सिपल' ह्या अल्बममध्ये गिटार नसली, तरी ड्रम्स माणूसच वाजवतो. यंत्र आणि माणूस यांची ही ओढाताणच गाण्यांना जिवंत ठेवते.

एप्रिल १९८१मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने वेम्ब्लीत निरोपाचे कार्यक्रम केले. रेकॉर्डिंग चालूच राहिलं, पण ऐंशीच्या दशकातलं बरंचसं काम फसलेलं आहे. आम्हाला तो आवडतो म्हणून हे झाकणार नाही. फंकचा ठेका, सॅक्सोफोन, गोड कोरस... सगळं लोकांना आवडावं म्हणून केलेलं. भीती गेली आणि गाण्यातला जीवही गेला.

१९९४च्या 'सॅक्रिफाइस'मध्ये त्याने हा नाद सोडला आणि पुन्हा स्वतःच्या अंधाराकडे वळला. पुढे नाइन इंच नेल्सने त्याचं 'मेटल' गायलं. २००२मध्ये त्याच्या त्या पहिल्या यशस्वी गाण्याच्या सुरावटीवर शुगाबेब्सचं गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. २०१७मध्ये त्याचा स्वतःचा 'सॅव्हेज' ब्रिटनमध्ये दुसरा आला.

म्हणजे फॅशन परत आली म्हणून तो परत आला, असं नाही. त्याने आवडून घेण्याची धडपड थांबवली, तेव्हा गाणं परत आलं. मधल्या पडत्या वर्षांत जे मोजके श्रोते टिकून राहिले, त्यांनी बहुधा हे आधीच ओळखलं होतं : दार बंद असलं तरी आत माणूस आहे.

घरी जाऊन 'कार्स' पुन्हा लावा. आवाज थांबल्यावर मात्र बंद करू नका.