ययाती-कथेतील कर्म आणि क्षमा

ययातीची कथा मराठी वाचकाच्या मनात आज जी ठसली आहे, ती बहुतांशी वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि १९७४ साली ज्ञानपीठाचा मान मराठीकडे प्रथम आला तोही खांडेकरांच्या रूपाने. शिरवाडकरांचे ‘ययाती आणि देवयानी’ हे नाटक १९६६ मधले. या दोन कृतींनी ययाती म्हणजे अतृप्त वासना, असे समीकरण इतके दृढ करून टाकले की, महाभारतातील मूळ उपाख्यान वासनेखेरीज आणखी कशाविषयी बोलते हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः वासना हे त्या उपाख्यानाचे निमित्त आहे. केलेल्या कर्माचे ओझे कोणी वाहावयाचे, ते दुसऱ्याच्या खांद्यावर देता येते काय, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा करावी म्हणजे नेमके काय करावे, हा त्याचा खरा विषय होय.

आदिपर्वातील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. वस्त्रांच्या अदलाबदलीवरून शर्मिष्ठा आणि देवयानी यांच्यात कलह होतो. शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलून निघून जाते. ययाती तिला हात देऊन वर काढतो. वार्ता कळताच शुक्राचार्य धावत येतात, मुलीला उराशी धरतात आणि बोलतात ते काय? माणसाला सुख किंवा दुःख मिळते ते आपल्याच दोषांमुळे. तुझ्या हातून काही दुष्कृत्य घडले असले पाहिजे, त्याचीच ही निष्कृती झाली. विहिरीतून नुकतीच बाहेर निघालेल्या मुलीला तिचा बाप कर्मसिद्धान्त सांगतो! व्यासांनी या बोलण्यावर काही भाष्य केलेले नाही. परंतु देवयानीचे उत्तर त्यांनी नोंदवून ठेवले आहे, आणि तेच पुरेसे आहे. निष्कृती झाली असो वा नसो, काय घडले ते आधी ऐका, असे ती म्हणते.

देवयानीचा राग, तिचा अहंकार, तिची पुढची सूडबुद्धी यांची चर्चा मराठीत भरपूर झाली आहे. या एका वाक्यातील तिचा विवेक मात्र दुर्लक्षित राहिला. कर्मसिद्धान्त ती नाकारीत नाही. तिचा आक्षेप तो कोणी, कोणाला आणि केव्हा सांगावा याविषयीचा आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ‘हे माझ्या कर्माचे फळ’ हे प्रथमपुरुषी विधान आणि ‘हे तुझ्या कर्माचे फळ’ हे द्वितीयपुरुषी विधान यांत केवळ सर्वनामाचा फरक नाही. पहिल्यात माणूस आपल्या आयुष्याचे दायित्व स्वीकारतो; दुसऱ्यात बोलणारा स्वतःला त्या दायित्वातून अलगद सोडवून घेतो. कोणाच्या घरी अकाली मृत्यू घडला, कोणाचे मूल अपंग जन्मले, की सांत्वनाला आलेल्यांपैकी एखादा ‘पूर्वसंचित’ हा शब्द उच्चारल्याखेरीज राहत नाही. तो शब्द खोटा असतो असे नव्हे. तो परक्याच्या तोंडी आलेला असतो, एवढेच. ‘भोग आहेत आपले’ असे घरातलीच म्हातारी म्हणते तेव्हा त्याच शब्दाला वेगळे वजन असते.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या दहाव्या प्रकरणाला ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे जोडनाव दिले, ते या संदर्भात मोठे अर्थपूर्ण आहे. केवळ कर्मविपाक सांगून थांबले असते तर तो दैववाद झाला असता. केवळ आत्मस्वातंत्र्य सांगते तर तो पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा अनुवाद झाला असता. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या रूढ विभागणीपेक्षा वेदान्तसूत्रांना अनुसरून आरब्ध आणि अनारब्ध, म्हणजे ज्याचा भोग सुरू झाला ते आणि ज्याचा अद्याप व्हावयाचा आहे ते, असे दोनच भेद त्यांनी खरे मानले. सुटलेला बाण परत घेता येत नाही, भात्यातला मात्र हातात असतो, हे वेदान्त्यांचे परिचित उदाहरण याच भेदाचे आहे. मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, राजद्रोहाची शिक्षा भोगीत असलेल्या माणसाने हा विचार केला, ही गोष्ट विसरून ते प्रकरण वाचू नये. ते प्रथमपुरुषी तत्त्वज्ञान आहे.

शुक्राचार्यांकडे परत यावयास हवे, कारण त्यांचे बोलणे एवढ्यावर संपत नाही. देवयानीची हकीकत ऐकल्यावर ते तिला क्षमेचा उपदेश करतात. साप जशी जीर्ण कात टाकतो तसा उसळलेला क्रोध जो क्षमेने टाकून देतो तोच खरा पुरुष, अशा आशयाचा तो उपदेश आहे, आणि क्षमेच्या स्तुतीपर म्हणून सुभाषितसंग्रहांत तो सुटा शोभूनही दिसतो. मात्र संदर्भासह वाचला की त्याची चमत्कारिक गत होते. देवयानीला तो पटत नाही. क्षमा आणि क्रोध यांतले बलाबल आपण जाणतो, परंतु शिष्याने शिष्यासारखे वागणे सोडले तर ते सहन करू नये, असे ती बजावते. आणि मग हेच क्षमावादी आचार्य तडक वृषपर्व्याच्या सभेत जाऊन त्याला काय सांगतात? अधर्म गाईप्रमाणे तत्काळ फळ देत नाही. परंतु कर्त्याच्या ठायी ते दिसले नाही तर पुत्रांच्या, नातवांच्या ठायी ते दिसल्यावाचून राहत नाही. लागोपाठच्या अध्यायांत एकाच मुखातून कर्माचे दोन परस्परविरुद्ध नियम बाहेर पडले आहेत. मुलीला सांगताना ज्याचे त्याचे भोग ज्याचे त्याला. राजाला धमकावताना बापाचे पाप नातवाला. पुढे ययातीचा अपराध कळताच क्षणाचाही विलंब न लावता त्याला जरेचा शाप देणारेही शुक्राचार्यच. त्यांच्या क्षमेच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा त्यांच्याच दारात होते, आणि ती उतरत नाही.

हा विरोध प्रक्षेपांनी निर्माण झाला असे म्हणून सुटका करून घेता येईल. तथापि भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही, म्हणजे सुकथनकरांनी १९३३ मध्ये पुरी केलेल्या आदिपर्वातही, ही दोन्ही वचने आहेत. शिवाय सगळे उपाख्यान या विरोधावरच रचलेले दिसते. शापाला शुक्राचार्य उःशाप जोडतात: ही जरा दुसऱ्या कोणी स्वखुशीने घेतली तर तिला देता येईल. म्हणजे कर्माचे फळ हस्तांतरणीय ठरले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात व बापाचे शाप घेतात. पुरू होकार देतो. हजार वर्षांनी ययाती तारुण्य परत करून पुरूला राज्य देतो. परतफेड झाली असे कथा मानते. पण पुरूच्या हजार वर्षांचे काय, हे ती विचारीत नाही.

खांडेकरांच्या लेखणीला नेमके येथेच आव्हान होते. त्यांनी निवेदनाची जी पद्धत निवडली ती या विषयाला फार अनुकूल होती. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने बोलतात. तिघांचेही निवेदन प्रथमपुरुषी, कबुलीजबाबाच्या जवळ जाणारे. आपली कहाणी आपण का सांगत आहोत, असा प्रश्न ययाती आरंभीच स्वतःला करतो. अशा रचनेतून वाचकाची स्वाभाविक अपेक्षा ही की, हा माणूस अखेरीस ‘मी केले’ असे म्हणेल. तो तसे म्हणतो, नाही असे नाही. परंतु त्या एका उद्गारापर्यंत येण्यापूर्वी त्याने कारणांची केवढी रास रचून ठेवली आहे! नहुषाला मिळालेला, त्याची मुले कधीही सुखी होणार नाहीत असा शाप; आईविषयीचा भ्रमनिरास; वैराग्यापायी घर सोडून गेलेला यती; अलकेचा अंत; देवयानीचा थंडपणा. यांतले प्रत्येक कारण खरे आहे. खांडेकरांचे मानसशास्त्रही चांगले आहे. पण कारण सांगणे आणि जबाबदारी घेणे या दोन भिन्न क्रिया असून पहिली दुसरीची जागा हळूच घेऊ शकते, याचे भान कादंबरीला सर्वत्र राहिलेले नाही. वाचकाला ययातीची कीव येते, आणि कीव आली की न्याय करण्याची गरज संपते.

हजार वर्षांचा काळही खांडेकरांनी गाळला. पुरूचे तारुण्य घेतल्यानंतर अल्पावकाशातच त्यांच्या ययातीचे डोळे उघडतात. कलादृष्ट्या हा बदल समर्थनीय आहे, कारण आधुनिक कादंबरीत हजार वर्षांचा उपभोग हास्यास्पद झाला असता. नैतिक दृष्टीने मात्र त्यामुळे अपराध फार स्वस्त झाला. इतक्या लवकर आलेल्या पश्चात्तापाला क्षमा करणे कोणालाच जड जात नाही. कच आणि शर्मिष्ठा यांच्या रूपाने कादंबरीत क्षमाशीलता आधीपासूनच हजर आहे. ती कमवावी लागत नाही, वातावरणात असते. आणि ज्याने ओझे उचलले त्या पुरूला चौथा निवेदक होण्याचा मान खांडेकरांनी दिला नाही. कादंबरीच्या अनेक गुणांपुढे ही उणीव कोणाला लहान वाटेल. प्रस्तुत प्रश्नापुरती ती लहान नाही.

गिरीश कर्नाडांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कानडी नाटकात नेमकी हीच जागा हेरली. त्यांनी पुरूला चित्रलेखा ही पत्नी दिली. पित्याची जरा पुत्राने घेतली हा त्याग असेल, पण ज्या स्त्रीने तरुण पुरुषाशी विवाह केला तिला कोणी विचारले, हा तिचा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून ती विष घेते. तिच्या मृत्यूनंतर ययाती जरा परत घेतो. चोविशीच्या आतल्या लेखकाचे हे नाटक खांडेकरांच्या प्रौढ कादंबरीइतके भरीव नाही, संवादांत बौद्धिक चमकही थोडी अधिकच. पण त्यागाचा भार नेहमी तिसऱ्यावर पडतो हे त्याने दाखवले. क्षमा मागावयाची तर कोणाची, हे त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाले.

येथे ‘क्षमा’ या शब्दाकडेच थोडे पाहणे अवश्य आहे. मराठीत दोन शब्द आहेत, क्षमा आणि माफी, आणि आपण ते समानार्थी म्हणून वापरतो. माफी अरबीतून आली, आणि तिच्याभोवती दरबाराचा, सारावसुलीचा वास अद्याप आहे; दुष्काळात शेतसारा माफ होतो, दंड माफ होतो, म्हणजे देणे खात्यातून पुसले जाते. क्षमेच्या धातूत असे काही नाही. ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे, समर्थ असणे. सक्षम आणि अक्षम हे शब्द त्याच घरातले. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात ते ती कोणाचे देणे पुसते म्हणून नव्हे, भार साहते म्हणून. इंग्रजी ‘फर्गिव्ह’ या शब्दात देण्याची क्रिया उघड दिसते. ‘क्षमे’त ती नाही, आणि अनुवाद करणाऱ्याचा हात येथे नेहमी अडखळतो. कर्माच्या हिशेबात माफी बसत नाही, कारण तो हिशेब कोणाच्या मर्जीवर चालत नाही. क्षमा मात्र बसते. ती फळ रद्द करीत नाही. अपराधाला उत्तर म्हणून नवे कर्म उभे राहू देत नाही, इतकेच ती करते. तेराव्या अध्यायात क्षांतीचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी तिची कसोटी कोठे ठेवली हे पाहावे: अंगावर येईल ते साहावे, आणि आपण काही पराक्रम केला याचा मनात उल्लेखही उठू नये. क्षमा केल्याची जाणीव मिरवणारा मनुष्य त्यांच्या लेखी अद्याप बाहेरच उभा आहे.

या कसोटीला दुसरी बाजूही आहे आणि ती मांडणारी पुन्हा एक स्त्रीच आहे. वनपर्वात द्रौपदी प्रल्हाद आणि बली यांचा संवाद सांगून युधिष्ठिराला ऐकवते की, सदैव क्षमाही बरी नव्हे आणि सदैव तेजही बरे नव्हे. पूर्वी उपकार केलेल्याला, अज्ञानाने चुकलेल्याला, प्रथमच अपराध करणाऱ्याला क्षमा करावी. जाणून करून वर नाकबूल जाणाऱ्याला नाही. युधिष्ठिर उत्तरादाखल क्षमेचे मोठे स्तोत्र म्हणतो. ते उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु वस्त्रहरण त्याचे झाले नव्हते. महाभारतात क्षमेचा उपदेश करणारे आणि ज्यांनी क्षमा करावी अशी अपेक्षा आहे ते, हे दोन वर्ग किती वेळा निरनिराळे निघतात!

ययातीची कथा जरेच्या परतफेडीने संपते असे समजणारे वाचक ‘उत्तरयायात’ वाचीत नाहीत. स्वर्गात गेलेला ययाती, तपात आपल्या बरोबरीचा देवांत वा मनुष्यांत कोणी नाही असे इंद्रापुढे बोलून जातो आणि त्या एका उद्गाराने खाली कोसळतो. तो पडतो तो अष्टक, प्रतर्दन, वसुमना आणि शिबी या चार राजांमध्ये. ते आपापले पुण्यलोक त्याला देऊ करतात. आदिपर्वातला ययाती ते घेत नाही. ज्याने एकदा मुलाचे तारुण्य घेतले, तो आता दुसऱ्याचे पुण्य घेण्यास नकार देतो. आणि आपण का पडलो, हे विचारणाऱ्यांना कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो. बाप, शाप, बायको, कोणाचेही नाव त्यात येत नाही. प्रथमपुरुषी कर्मसिद्धान्त तो हाच. खांडेकरांच्या कक्षेत हा भाग येत नाही, आणि कादंबरीच्या शेवटाला जे वजन कमी पडते ते कदाचित येथेच पडून राहिले आहे.

उद्योगपर्वात नारद हीच कथा दुर्योधनाला सांगतात, पण निराळ्या तऱ्हेने. तेथे हे चौघे कोण, हे आधीच कळलेले असते. विश्वामित्राने गालवाकडे गुरुदक्षिणा म्हणून आठशे शुभ्र, एका काळ्या कानाचे घोडे मागितले. गालव ययातीकडे आला. घोडे नव्हते म्हणून राजाने आपली मुलगी माधवी त्याच्या हवाली केली. हर्यश्व, दिवोदास, उशीनर यांनी प्रत्येकी दोनशे घोडे देऊन तिच्या ठायी एकेक पुत्र मिळवला, आणि उरलेल्या दोनशेंच्या जागी स्वतः विश्वामित्राने तिचाच स्वीकार केला. चार पुत्र ते हे. पुढे स्वयंवरात तिने कोणा राजाला वरले नाही; अरण्य वरले. भीष्म साहनींनी हिंदीत तिच्यावर नाटक लिहिले.

बाप स्वर्गातून पडल्याचे कळते तेव्हा हरिणीसारखी वनात राहणारी ही माधवी तेथे येते, त्याला वंदन करते, मुलांची ओळख करून देते आणि आपल्या संचित धर्माचा अर्धा भाग त्याला देते. कारण सांगते ते असे की, माणसे अपत्यांच्या पुण्याची वाटेकरी असतात. शुक्राचार्यांनी वृषपर्व्याला धमकी म्हणून ऐकवलेला नियम, बापाच्या पापाचे फळ मुलांना, तिने नेमका उलटा फिरवला आहे. गालवही येतो आणि आपल्या तपाचा आठवा हिस्सा देतो. या आवृत्तीतला ययाती ते सर्व घेऊन वर चढतो. घोड्यांची गोष्ट त्या भेटीत बापाने काढली की नाही, मुलीने काढली की नाही, याविषयी नारद एक शब्द बोलत नाहीत. ते दुर्योधनाकडे वळतात.