सर्वात लहान वाक्य कोणते?

तीन वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणानिमित्त मुलांची प्रश्नमंजूषा झाली, तेव्हा परीक्षकाचे काम आमच्याकडे आले होते. अखेरचा प्रश्न आम्हीच घातला : मराठीतील सर्वात लहान वाक्य कोणते? एका मुलाने 'ओ' असे उत्तर दिले, दुसऱ्याने 'ये', आणि मागच्या बाकावरील एका मुलीने 'उजाडले'. 'ओ'ला आम्ही हसलो, 'उजाडले'ची चार अक्षरे बोटांवर मोजली आणि कंपासपेटी 'ये' म्हणणाऱ्याच्या हाती दिली. तो निकाल चुकला असे आम्हांला आता वाटते. म्हणून हे पुनर्परीक्षण.

'ये' या उत्तराची बाजू दुबळी नाही. वाक्यास उद्देश्य व विधेय हवे, असे शाळेत शिकवतात. 'ये' या आज्ञार्थी रूपात 'तू' हा कर्ता आपोआप आलेला असतो. तो वेगळा उच्चारावा लागत नाही. कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रांवरील वार्तिकांत वाक्याची ओळख एका क्रियापदावरून करून दिली आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त वाक्याविषयीची आठ मते नोंदविली, त्यांतील पहिलेच मत असे की, एकटे क्रियापदही वाक्य होऊ शकते. एवढे पाठबळ असताना 'ये'ला नाकारणार कोण?

पण मग 'जा', 'दे', 'घे', 'ने' हीही त्याच पंक्तीत बसतात. अक्षरे सोडून ध्वनी मोजावेत, तर 'ये'मध्ये य् आणि ए असे दोन ध्वनी निघतात. हिंदीतील 'आ' हा एकच स्वर 'ये' या अर्थाचे पूर्ण वाक्य आहे. लॅटिनमध्ये 'इ' म्हणजे 'जा'. दोन विद्वानांत सर्वात छोटे पत्र लिहिण्याची पैज लागली. एकाने लिहिले, 'एओ रूस', म्हणजे मी खेड्याकडे जातो. दुसऱ्याने उत्तर धाडले, 'इ'. अशी एक आख्यायिका लॅटिन शिकणाऱ्यांत सांगितली जाते. (लॅटिन मिस्साच्या अखेरीस याजक 'इते' म्हणून निरोप देत, ते याच 'इ'चे अनेकवचन.) अशा मोजणीत मराठी हरते, परंतु हरली म्हणून तिचे काही उणे झाले असे आम्हांला वाटत नाही, कारण मोजणीत भाषेचे मर्म सापडतच नाही. 'ये' आणि 'या', 'दे' आणि 'द्या' यांत मानाचा भेद एका अक्षरात दिसतो. 'जा' मात्र धाकट्या भावाला आणि आजोबांना सारखेच. आणि तरीही दाराशी उभ्या पाहुण्याला नुसते 'जा' आपण कधी म्हणतो का? निघणारा पाहुणा स्वतःदेखील 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो.

खरा प्रश्न असा की, न उच्चारलेले किती आणि ते कोण भरून काढतो? कोणी 'दार' एवढाच शब्द उच्चारला, तर 'लाव' हे ऐकणारा मनात घालतो. तो शब्द घालतो की केवळ अर्थ, यावर मीमांसकांत मोठा वाद झाला : भाट्टांनी शब्दाचा अध्याहार मानला, प्राभाकरांनी अर्थाचा. त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. एक प्रसंग मात्र सांगतो. आमच्या याजकपणाच्या पहिल्या वर्षी मध्यरात्री फोन आला : "फादर, गेले." दोनच अक्षरांची बातमी. काळ कळला, आदर कळला, पलीकडचा आवाज कळला. कोण गेले, हे मात्र आम्हांला कळले नाही, आणि ते आम्हांला विचारावे लागले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. त्या घरात तीन आठवडे एकच माणूस अंथरुणावर होता. त्यांच्यासाठी 'गेले' हे पूर्ण वाक्य होते. आम्ही त्या आजाऱ्याला एकदाही भेटलो नव्हतो, म्हणून आमच्यासाठी ते अपुरे होते.

'ये'चेही तसेच आहे. समोर कोणी उभे असेल तोवर ते वाक्य. कोऱ्या कागदावर लिहिले की 'कोणी? कुठे?' हे प्रश्न उठतात. 'उजाडले'ला असे कोणी लागत नाही. मराठी व्याकरणात याला भावकर्तरी प्रयोग म्हणतात. 'सांजावले', 'गडगडते' ही त्याचीच भावंडे. येथे 'दिवस' हा कर्ता गाळलेला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकत नाही. 'दिवस' कर्ता असता तर क्रियापद पुल्लिंगी झाले असते : दिवस उजाडला. 'उजाडले' हे नपुंसकलिंगी एकवचन कोणत्याही नामाच्या मागे चालत नाही. इंग्रजीला अशा ठिकाणी 'इट' नावाचा पोकळ कर्ता उभा करावा लागतो. लॅटिनला नाही, 'प्लुइत' म्हटले की पाऊस पडतो. म्हणजे 'ये'मध्ये कर्ता न बोलता राहतो, 'उजाडले'मध्ये तो मुळातच नाही. सर्वात लहान वाक्य म्हणजे ज्यातून काही काढता येत नाही आणि ज्यात काही घालावेही लागत नाही ते, असे मानले तर ही चार अक्षरे 'ये'च्या एका अक्षरापेक्षा सरस ठरतात.

'ओ'चा विचार अजून राहिलाच आहे. हाकेवाचून त्याला अर्थ नाही, हे खरे. पण हाकेनंतर त्याच्याइतके पुरते उत्तर दुसरे कोणते, हेही आम्हांला सांगता येत नाही. त्या मुलाला आम्ही हसायला नको होते.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. दुसरी कंपासपेटी आणून कपाटात ठेवली आहे.