सिंधूची खोटी जबानी आणि घरातली गाडी

थर्टी फर्स्ट जवळ आला की कोल्हापूरच्या पेपरांत 'तळीरामांवर कारवाई' ही बातमी ठरलेली. हा तळीराम राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला. गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आणलं, तेव्हा गडकरी जाऊन काही आठवडेच झाले होते. शंभर वर्षांत आपण त्यातलं एक नाव उचललं आणि पिणाऱ्यांना चिकटवलं. मला वाटतं, आपण चुकीचं पात्र उचललं.

तळीराम हसवतो. बाळाचा जीव घेतो तो सुधाकर. हुशार, शिकलेला, मानी वकील. कोर्टात वाद होऊन त्याची सनद काही काळासाठी जाते आणि त्या रागात तो पहिला प्याला घेतो. 'आमचा पोरगा तळीराम नाही' असं प्रत्येक घर म्हणतं, आणि ते बहुतेक खरंच असतं. तो सुधाकर असू शकेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

पण नाटकातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा दारूची नाही. दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून स्वतःचं मूल मरतं, सिंधू जबर जखमी होते. पोलीस विचारतात तेव्हा मरणाच्या दारातली सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते. बालगंधर्वांच्या सिंधूपासून आजपर्यंत प्रेक्षक इथं रडत आलेत. मीही रडलोय. पण रडताना आपण त्या खोट्याच्या बाजूनं असतो. मेलेल्या बाळाच्या बाजूनं बोलणारं त्या क्षणी कुणीच उरत नाही.

आता पुणे. 19 मे 2024 ची पहाट, कल्याणीनगर. 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं दुचाकीला धडक दिली आणि 24 वर्षांचे दोन इंजिनीअर मेले. बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला. त्याच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता. त्या निबंधावर आपण भरपूर मीम्स केले. पण खरी गोष्ट नंतर पुढे आली. पोलिसांचा आरोप असा की मुलाच्या रक्ताच्या नमुन्याच्या जागी आईचं रक्त दिलं गेलं आणि घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणला गेला. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण हा आरोप ऐकल्यावर मला सिंधूच आठवली. आपल्या माणसासाठी जबानी बदलणं आणि आपल्या मुलासाठी रक्त बदलणं, यात पैशाचा आणि ओळखीचा फरक आहे. मायेची जात एकच. स्टेजवर आपण तिला हात जोडतो, बातमीत शिव्या घालतो.

गडकऱ्यांवर अन्याय नको. खोट्या जबानीनं सुधाकर वाचत नाही, तो स्वतः विष घेऊन मरतो. म्हणजे लेखकाला हिशोब चुकता करायचाच होता. पण तोही त्यानं घरातल्या घरातच चुकता केला. घराबाहेर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. मला हा या नाटकाचा दोष वाटतो, आणि आपल्या घरांचाही.

कारण कायद्याची गंमत बघा. कार चालवायचं लायसन्स 18 व्या वर्षी. महाराष्ट्रात बिअर 21 ला, व्हिस्की-रम 25 ला. मूल 18 च्या आत असेल आणि गाडीनं गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. अठरा पूर्ण झाली की पालकाची ही जबाबदारी संपते. पुढची सात वर्षं चावी हातात आणि बाटली नियमाबाहेर. त्या सात वर्षांत नियम करायचा तो घरानंच.

आणि घरचे नियम कसे असतात? 'पप्पांना कळू देऊ नको.' 'गोव्याला चाललायस, जा. गावात नाटकं नकोत.' 'वास येत असेल तर मित्राकडंच झोप.' यातला एकही नियम रस्त्यावरच्या माणसाबद्दल नाही. सगळे इज्जतीबद्दल आहेत. नुसती बंदी असलेल्या घरातला पोरगा फोन करायला घाबरतो, म्हणून रात्री दोनला पन्हाळ्याहून स्वतःच गाडी मारत येतो. रक्ताच्या 100 मिलीमध्ये 30 मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे. ती ओलांडायला सुधाकर व्हावं लागत नाही, एक-दोन पेग पुरतात.

मला हवा असलेला नियम साधा आहे. पिऊन स्टेअरिंगला हात लावायचा नाही. कधीही फोन कर, मी न्यायला येतो, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. पण कुणाला उडवलंस, तर आधी त्याला दवाखान्यात नेऊ आणि मग पोलीस स्टेशनला मी तुझ्यासोबत येईन. खोटं सांगायला नाही, खरं सांगायला.

पहिलं वाक्य बरेच आईबाप बोलतात. दुसरं थोडे. तिसरं मी अजून कुठल्या घरात ऐकलेलं नाही. गाडीची चावी मागायच्या आधी तुम्हीच एकदा घरी विचारून बघा: 'माझ्या हातून कुणी मेलं तर तुम्ही काय कराल?' उत्तर यायला वेळ लागेल. आलं नाही, तर त्या दिवशी बसनं जा.